‘भंडारा’ किती बाइटांचा? फाइल वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञांचा इतिहास

१/८ कागदावर ‘भंडारा’ हे जिल्ह्याचे नाव तीन अक्षरांत लिहून होते. संगणकाच्या फाइलमध्ये हेच नाव कधी ६ बाइट व्यापते, तर कधी १८. हा फरक कसा पडला आणि त्यापायी कित्येक मराठी फाइली अवाचनीय का झाल्या, ते पाहू.

२/८ १९६० च्या दशकात अनेक मोठ्या संगणकांवर फाइल म्हणजे ठरावीक लांबीच्या नोंदींची चळत असे. ८० रकान्यांच्या पंच कार्डांचा तो वारसा. नोंदीची लांबी व रचना प्रोग्राममध्ये आधीच सांगावी लागे.

३/८ १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवताना हे ओझे उतरवले. त्यांच्या लेखी फाइल म्हणजे बाइटांची ओळ. उघडा, वाचा, लिहा, बंद करा, एवढ्या आज्ञा पुरेशा. रिचींच्या सी भाषेबरोबर हा साचा जगभर पसरला.

४/८ या साधेपणाची किंमत होती. बाइट कोणत्या लिपीचे आहेत, हे अशी फाइल सांगत नाही. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट पुरे, म्हणून ही उणीव तेथे फारशी जाणवली नाही.

५/८ १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात ‘भंडारा’ ६ बाइटांत मावते: भ, अनुस्वार, ड, काना, र, काना. परंतु अनेक छापखान्यांत व कार्यालयांत दुसरीच वाट रुळली. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे संकेत आणि पडद्यावर देवनागरी फाँट! तो फाँट नसेल, तर मजकूर निरर्थक.

६/८ १९९२ मध्ये थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत सिद्ध केली. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात, म्हणून १८. वाचणारी आज्ञा १० बाइटांवर थांबली, तर हाती ‘भंड’ येते आणि पुढच्या कान्याचा एक तुकडा.

७/८ पुढच्या रचनाकारांनी यातून धडा घेतला. १९९७ च्या जावा १.१ मध्ये अक्षरे वाचण्या-लिहिण्याची सोय बाइटांहून वेगळी झाली. २००८ च्या पायथन ३ ने बाइट आणि मजकूर हे दोन भिन्न प्रकार मानले. फाइल उघडतानाच तेथे संकेतप्रणालीचे नाव देता येते.

८/८ मोडी कागदाची लिपी जाणकार पाहताक्षणी ओळखतो. बाइटांच्या ओळीला तसा चेहरा नसतो. म्हणून पवनी असो वा तुमसर, आपल्या गावाच्या जुन्या फाइली जपताना त्यांच्या फाँटचे नावही टिपून ठेवावे. ते ठाऊक असले, तर जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची वाट सापडते.