सार्वजनिक धोरण आणि खेळ सिद्धांत

एकाच्या निर्णयाचे फळ जेव्हा इतरांच्या निर्णयांवर अवलंबून असते, अशा प्रसंगांचा गणिती अभ्यास म्हणजे खेळ सिद्धांत होय. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या ग्रंथाने या शास्त्राचा पाया घातला. सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासात त्याचा विशेष उपयोग होतो तो एका प्रश्नासाठी : ठराव संमत झाला, तरी माणसे तो पाळतील का? शासन, स्थानिक संस्था व नागरिक यांना येथे खेळाडू म्हणतात. करमणुकीचा अर्थ त्यात मुळीच अभिप्रेत नाही.

महाडचे उदाहरण

महाड (तत्कालीन कुलाबा, आताचा रायगड जिल्हा) येथील चवदार तळ्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या समाजाला मुक्त प्रवेश असावा, अशी शिफारस त्यात होती. स्थानिक संस्थांना मात्र शासनाने केवळ सल्ला दिला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही तीन वर्षे तेथे कोणी पाणी भरू शकले नाही.

याचे कारण खेळ सिद्धांताच्या भाषेत स्पष्ट होते. एकट्याने तळ्यावर जावे, तर मारहाण व बहिष्कार ठरलेला. हजारोंनी जावे, तर प्रत्येकाचा धोका कमी. म्हणजे 'कोणीच न जाणे' आणि 'सर्वांनी जाणे' या दोन्ही स्थिती टिकाऊ होत्या. पहिलीतून दुसरीत जाण्यासाठी इतरही येणार, ही खात्री प्रत्येकाला हवी होती. ती ठरावाने दिली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेतून निघालेल्या मिरवणुकीने दिली.

परंतु जमाव पांगताच पारडे फिरले. त्याच दिवशी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. गावी परतलेला माणूस पुन्हा एकटा होता आणि उपजीविकेसाठी गावावरच अवलंबून होता. नगरपालिकेनेही ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. जोवर कोणी पाणी घेत नव्हते, तोवर तिला त्या ठरावाची काहीच किंमत मोजावी लागली नव्हती. बोले यांनी १९२६ मध्ये मांडलेला दुसरा ठराव नेमका या उणिवेवर बोट ठेवणारा होता : हक्क नाकारणाऱ्या संस्थांचे शासकीय अनुदान रोखावे, अशी त्याची मागणी होती.

डिसेंबर १९२७ मध्ये सनातनी पक्षाने न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे २५ डिसेंबरपासूनच्या दुसऱ्या परिषदेने तळ्यावर जाणे स्थगित केले. मनुस्मृतीचे दहन याच परिषदेत झाले. मज्जाव करण्याची पुरातन रूढी सिद्ध होत नाही, असा अंतिम निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला.

मर्यादा

हे विश्लेषण अर्थातच मागाहून केलेले आहे. लाभ-हानीच्या कोष्टकात पाण्याची सोय मांडता येते. परंतु सत्याग्रहींचा आग्रह समान माणूसपणाचा होता आणि आंबेडकरांनी तो स्पष्टपणे सांगितला होता. त्याला कोणता अंक द्यावा, हे सिद्धांत सांगत नाही. मार खाण्याची खात्री असूनही पहिले पाऊल कोण उचलतो, याचेही उत्तर त्याच्याकडे अपुरेच आहे.