पेठचा ‘रशियन’ रेडिओ

तर झालं असं, की एका मित्राचा फोन आला. “आमच्या काकांकडे पेठला लष्करी रेडिओ पडलाय. दुसऱ्या महायुद्धातला, रशियन. विकायचा म्हणतायत.” जुना रेडिओ म्हटलं की माझं काय होतं हे घरच्यांना चांगलं ठाऊक आहे. बोनसमधले चाळीस हजार बाजूला काढले आणि शनिवारी सकाळी नाशिक रस्त्याला लागलो. खेड मागे पडलं, मंचरच्या अलीकडे पेठ.

काकांनी माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेली पेटी उतरवली. “आमचे दादा बर्म्यात होते लढाईला. येताना रशियन रणगाड्यातला काढून आणला. ही बघ अक्षरं.”

अक्षरं खरंच रशियन होती. पण गोष्टीतला पहिला बग तिथेच होता. ब्रह्मदेशात रशियन रणगाडे लढलेच नव्हते!

पॅनेल नीट पुसलं, तर प्रत्येक बटणाखाली रशियनबरोबर इंग्रजीही. हा ‘वायरलेस सेट नंबर १९’. मूळ रचना इंग्लंडच्या ‘पाय’ कंपनीची, १९४० च्या सुमाराची. पुढे हे सेट कॅनडातही बनले. त्यातले पुष्कळ सोव्हिएत सैन्याला मदत म्हणून पाठवायचे होते, म्हणून पॅनेलवर दोन भाषा. तसलेच सेट ब्रिटिश फौजांकडेही गेले. म्हणजे रशियन अक्षरं बघून कुणी दुप्पट किंमत सांगितली, तर हसून नमस्कार करावा.

मंडळी, असा सेट घ्यायचा असेल तर मी काय बघतो ते सांगतो. नावाची पट्टी शेवटी. पट्टी चार स्क्रूंवर असते, कुणीही बदलू शकतं. आधी शिक्का शोधायचा: ब्रिटिश लष्करी मालावर बाण, कॅनेडियन मालावर ‘सी’ अक्षराच्या आत बाण. मग रंगाचे थर आणि नंतर पाडलेली भोकं. मग झाकण काढून आतलं सोल्डरिंग. युद्धकाळातल्या वायरींवर रबर किंवा कापड असतं आणि कपॅसिटर मेणकागदाचे. चकचकीत प्लॅस्टिकची वायर दिसली, की तिथे नंतर कुणाचा तरी हात लागलाय. दुरुस्ती म्हणजे बनावट नव्हे, पण ‘अगदी मूळ स्थितीत’ म्हणून पैसे मागत असतील तर तो फरक मोठा आहे.

आणि काही झालं तरी प्लग लावून बघायचं नाही. इतक्या जुन्या कपॅसिटरचा भरवसा नसतो. शिवाय हा नुसता रेडिओ नाही, ट्रान्समीटरही आहे. त्याला परवान्याचे नियम लागू होतात, ते आधी विचारून घ्यावेत.

काकांच्या सेटमध्ये शिक्का बरोबर होता, पट्टीही जुळत होती. पण ‘बी सेट’ गायब! १९ नंबरमध्ये दोन रेडिओ असतात. ‘ए’ लांबच्या बोलण्यासाठी, २ ते ८ मेगाहर्ट्झ. ‘बी’ जवळच्या रणगाड्यांशी बोलायला, साधारण २३५ मेगाहर्ट्झवर. (गंमत म्हणजे इथून पुढे खोडदच्या महाकाय दुर्बिणीने आकाश ऐकायला जे पट्टे वापरले, त्यात २३३ मेगाहर्ट्झचाही होता.) बीच्या रिकाम्या जागेत स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर बसवला होता. हेडफोनवर चालणाऱ्या सेटला स्पीकर कुणी आणि का लावला?

“दादांचे काही कागद आहेत का?” मी विचारलं. काकांनी ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुकात ब्रह्मदेशातली नोकरी स्वच्छ लिहिलेली. मार्च १९४५ मध्ये मैक्तिला घेणाऱ्या शर्मन रणगाड्यांत हेच १९ नंबर होते, त्यामुळे क्षणभर मीही हुरळलो. पण त्याच पाकिटात पुण्यातल्या एका दुकानाचं पिवळं बिल निघालं. १९५३ सालचं. ‘मिलिटरी सेट १, स्पीकर जोडून’.

युद्धानंतर असा माल डिस्पोजलच्या लिलावांतून बाजारात येत होता. आणि मुळात अठरा किलोच्या आसपासची सरकारी पेटी घेऊन घरी परतू कोण देणार?

काका बराच वेळ गप्प होते. “म्हणजे दादा खोटं बोलले?”

“दादांनी स्वतः कधी सांगितलं होतं तुम्हाला?”

ते थांबले. “नाही रे. दादा लढाईचं कधी बोलायचेच नाहीत. हे आत्या सांगायची. दादा आपले बुधवारी रात्री सिलोन लावून बसायचे.”

रेडिओ सिलोनचा ४१ मीटर बँड ‘ए’ सेटच्या टप्प्यात अगदी बरोबर येतो. १९५२ साली बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढच्या वर्षी दादांनी हा सेट घेतला. दादा बर्म्यात होते हे खरं, सेट युद्धातला हेही खरं. मधला सांधा तेवढा नंतर कुणीतरी मारलेला.

मी काकांना प्रामाणिकपणे सांगितलं, की बी सेट नसल्यामुळे संग्राहक निम्मे पैसेही देणार नाहीत. मी मात्र आहे तसा घ्यायला तयार होतो.

काकांनी बिल परत पाकिटात ठेवलं. “राहू दे,” म्हणाले. “आता नाही विकत.”

चहा घेऊन निघालो. चाळीस हजार अजून तसेच आहेत. असो. पुढच्या शनिवारी परत जातोय, नवे कपॅसिटर घेऊन.