रुबात: राबत्याची सख्खी बहीण

हजला निघालेल्या भोपाळकराला विचारतात, रुबातीत नंबर लागला का? रुबात म्हणजे मक्का-मदिनेतली फुकट उतरण्याची जागा. ती जुन्या संस्थानाच्या रहिवाशांसाठी, म्हणजे भोपाळ, सीहोर आणि रायसेनकरांसाठी. इच्छुक फार, खोल्या थोड्या, म्हणून सोडत निघते.

शब्द अरबी. र-ब-त या धातूचा अर्थ बांधणं. रुबातीचं मूळ रूप रिबात, म्हणजे सरहद्दीवरची गढी. तिथे घोडे बांधून शिपाई सज्ज राहत. मोरोक्कोची राजधानी रबात हे नाव अशाच गढीवरून पडलं. सरहद्दी पुढे सरकल्या, गढ्यांत शिपायांऐवजी फकीर आणि वाटसरू उतरू लागले. त्याच धातूचा 'राबिता' आपल्याकडे आला आणि 'राबता' झाला. एखाद्या घरी आपला राबता असतो, म्हणजे एका अर्थी आपला घोडा तिथेच बांधलेला असतो.

भोपाळच्या रुबातीमागे मात्र बायकांचा प्रवास आहे. नोव्हेंबर १८६३ मध्ये भोपाळची नवाब सिकंदर बेगम मक्केच्या यात्रेला निघाली. परदा झुगारून घोड्यावर मांड टाकणारी ही राज्यकर्ती. सोबत आई कुदसिया बेगम आणि मोठा लवाजमा. भोपाळला रेल्वे यायला अजून वीसएक वर्षं होती. मुंबई गाठायची, तिथून जहाज, आणि जेद्द्यापासून पुढे उंट. १८६४च्या जानेवारीत ती जेद्द्याला उतरली, तर जकातवाल्यांनी सामानच उचकलं. कुदसिया बेगमचा हात इतका सैल की मागणाऱ्यांची झुंबड हटेना. वाटेवर बदूंच्या लूटमारीची धास्ती, म्हणून सिकंदर मदिनेला गेलीच नाही. परतल्यावर तिने हे सगळं उर्दूत लिहिलं. इंग्रजी भाषांतर १८७० मध्ये छापलं गेलं, तेव्हा ती हयात नव्हती. वाचताना भाविक बाईपेक्षा कारभारीणच जास्त दिसते. गल्ल्यांतली घाणसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही! मला ती त्यामुळेच आवडते. तिची नात सुलतानजहाँ बेगम १९०३ मध्ये निघाली, मदिनेपर्यंत पोचली, आणि तिनेही पुस्तक लिहिलं.

परक्या गावात पाठ टेकायची जागा केवढी मोलाची, हे या बायकांना कुणी सांगायला नको होतं. भोपाळच्या नवाबी घराण्याने तिथे इमारती घेऊन त्या आपल्या रयतेसाठी वक्फ केल्या. वक्फ म्हणजे विकता न येणारं दान. काही जुन्या इमारती पुढे हरमच्या, म्हणजे तिथल्या पवित्र मशिदीच्या, विस्तारात पडल्या, तरी सोय टिकली. संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, पण त्याची हद्द सोडतीच्या चिठ्ठ्यांत अजून शाबूत आहे.

हैदराबादच्या निजामाचीही मक्केत रुबात आहे. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून सुटला, पण नांदेड-परभणीचा हाजी मक्केतल्या मुक्कामासाठी अजून हैदराबादच्या सोडतीकडे डोळे लावून बसतो.