दोन मोजमापांमधील रेषा

भूगोलाच्या पुस्तकांत डोंगराचा नकाशा ज्यानें पाहिला आहे, त्याला समोच्चरेषा परिचित असतात. एकांत एक कडीं घालावीं तशा त्या डोंगराला वेढून असतात आणि एका रेषेवरील प्रत्येक ठिकाण सारख्याच उंचीचें असतें, असें आपणांस शिकविलेलें असतें. त्यांचें वळण इतकें सफाईदार असतें कीं, मोजणीदार जणूं त्या वाटेनेंच साखळी टाकीत गेला असावा असें वाटतें. वस्तुस्थिति बहुधा तशी नसते. मोजलेलीं असतात तीं कांहीं सुटीं ठिकाणें. त्यांच्यामधील जागा कोणी भरली, कशी भरली आणि ती भरण्याचा त्याला अधिकार किती, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

एडमंड हॅले हें नांव धूमकेतूमुळें सर्वांना ठाऊक आहे. परंतु १६९८ ते १७०० या काळांत ‘पॅरामोर’ नांवाच्या जहाजाचा कप्तान होऊन तो अटलांटिक महासागरावर हिंडला, ही गोष्ट तितकी प्रसिद्ध नाहीं. होकायंत्राची सुई नेमकी उत्तर दाखवीत नाहीं. ती थोडी पूर्वेस वा पश्चिमेस ढळते आणि हा ढळ ठिकठिकाणीं निराळा असतो. भर समुद्रांत त्याचें ज्ञान नसणें म्हणजे जहाज खडकावर जाण्याचा धोका. हॅलेनें हा ढळ जागोजाग मोजला आणि १७०१ सालच्या आपल्या नकाशांत सारख्या ढळाचीं ठिकाणें वक्ररेषांनीं जोडलीं. सममूल्य रेषांच्या छापील नकाशांपैकीं हा अगदीं आरंभींचा होय. पुढील जगाच्या नकाशांत त्यानें हिंदी महासागरांतही अशा रेषा काढल्या. पण पॅसिफिक महासागर मात्र कोरा ठेवला. तेथील निरीक्षणें त्याच्या हातीं नव्हतीं. आलेली रेषा तशीच पुढें ओढणें हाताला सोपें होतें. तो हात त्यानें आवरला, यांतच त्याची शास्त्रनिष्ठा दिसते.

या रेषांना आधार देणारा एकेक बिंदु किती जपून मिळवावा लागतो, याचें उदाहरण आपल्या जवळच आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणें होत असत. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्या प्रवाहानें सुया विचलित होतील म्हणून हें काम अलिबागेस नेण्यांत आलें. तेथें १९०४ पासून निरीक्षणें सुरू झालीं. एक बिंदु शुद्ध राहावा म्हणून शास्त्रज्ञांना बंदर ओलांडून जावें लागलें.

सुटे बिंदु जोडण्याचा दुसरा मोठा प्रसंग स्कॉटलंडमधील शिहॅलियन पर्वतावर आला. १७७४ सालीं नेव्हिल मॅस्केलिन यानें त्या पर्वताच्या आकर्षणानें ओळंबा किती ढळतो, हें मोजलें. त्यावरून पृथ्वीची घनता काढावयाची, तर आधीं पर्वताचें आकारमान हवें. चार्ल्स हटन या गणितज्ञापुढें उंचीच्या आंकड्यांचा नुसता ढीग पडला. त्यानें सारख्या उंचीचे बिंदु पुसट रेषांनीं जोडले आणि त्या गोंधळांतून पर्वताचा आकार उभा राहिला. १७७८ सालीं त्यानें पृथ्वीची घनता पाण्याच्या सुमारें साडेचार पट असल्याचें जाहीर केलें. आज ती सुमारें साडेपांच पट मानतात. पण मार्ग योग्यच होता.

१८१७ सालीं अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यानें हीच युक्ति हवामानास लाविली. केवळ ५८ ठिकाणांच्या सरासरी तापमानावरून त्यानें उत्तर गोलार्धाच्या समताप रेषा काढल्या. त्यांचीं वळणें अगदीं मोजकीं आहेत. पण ही सफाई फसवी नव्हती. एकाच अक्षांशावर खंडांचे पश्चिम किनारे पूर्व किनाऱ्यांपेक्षां उबदार असतात, हा व्यापक नियम त्याला दाखवावयाचा होता. स्थानिक चढउतार ठेवले असते, तर तो नियम झांकला गेला असता.

विसाव्या शतकांत हें काम हातांतून यंत्रांत गेलें. जहाज बांधणारे कारागीर एक लवचिक पट्टी वजनांनीं जागोजाग दाबून धरीत आणि तिच्या कडेनें वक्ररेषा आंखीत. इंग्रजींत त्या पट्टीस ‘स्प्लाइन’ म्हणत. १९४६ सालीं आयझॅक शोनबर्ग यानें तेंच नांव गणितांत आणिलें. १९७४ सालीं इयन ब्रिग्ज यानें सर्व मोजमापांवर जणूं एक पातळ पत्रा वांकवून बसविण्याची रीत सांगितली. पृष्ठभाग सुंदर झाला; परंतु वांकविलेला पत्रा दोन बिंदूंच्या मध्यें फुगतो, तसा हाही फुगे आणि जेथें कांहींच मोजलेलें नाहीं तेथें टेंकडी उभी राही. १९९० सालीं स्मिथ आणि वेसेल यांनीं त्या पत्र्यास कडांनीं ताण देऊन हा दोष आवरला. दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींचा अभ्यासक डॅनी क्रिगे यानें १९५१ सालीं जो विचार मांडला, त्यावरून पुढें जॉर्ज मॅथेरॉन यानें उभारलेली पद्धति याहून प्रामाणिक म्हटली पाहिजे. ती अंदाजाबरोबर अंदाजांतील चुकीचा संभवही सांगते.

आज संशोधक हें काम संगणकाकडून करवितात आणि त्यासाठीं ‘स्क्रिप्ट’ म्हणजे आज्ञांची लेखी यादी तयार करतात. १९८६ सालीं निघालेल्या ‘नूप्लॉट’ या आलेख काढणाऱ्या प्रणालींत एका आज्ञेनें विखुरलेल्या बिंदूंची चौकटींची जाळी होते, तर दुसरीनें रेषेचें वळण ठरतें. सरळ तुकड्यांची रेषा खडबडीत दिसते, पण ती उगाच नटत नाहीं. घन-स्प्लाइननें ती मऊ होते, पण नसलेले हेलकावे घेऊं शकते. बी-स्प्लाइननें ती खात्रीनें सफाईदार होते, पण सममूल्य बिंदूंच्या केवळ जवळून जाते. त्यांवरून जाईलच असें नाहीं. प्रत्येक रेषा अशी स्वतंत्रपणें वळविली, तर शेजारच्या दोन रेषा एकमेकींस छेदण्याचाही संभव असतो. मग एकाच जागीं दोन उंची, असा अनर्थ होतो. म्हणून मोजमापांत गोंगाट असेल, तर रेषेस रंधा मारण्यापेक्षां मूळ जाळीच विचारपूर्वक सम करणें बरें.

तथापि यंत्रानें एक मोठा लाभ करून दिला आहे. जुना नकाशाकार कोणतें वळण मोजमापावरून काढी आणि कोणतें डोळ्यांस बरें दिसावें म्हणून, हें त्याचें त्यालाच ठाऊक. कागदावर त्याची खूण राहत नसे. स्क्रिप्टमध्यें मात्र रेषा किती आणि कोणत्या रीतीनें गुळगुळीत केली, हें अक्षरशः लिहिलेलें असतें. दुसरा अभ्यासक ती चालवून पाहूं शकतो, एक आंकडा बदलून कोणत्या टेंकड्या टिकतात आणि कोणत्या विरघळतात, हें तपासूं शकतो.

पावसाचा, भूजलाचा वा भूकंपाच्या तीव्रतेचा नकाशा पाहून माणसें विहिरी खणतात आणि घरें बांधतात. अशा नकाशावर रेषांबरोबर मोजमापांचे बिंदुही दाखविले पाहिजेत आणि रेषा कशी काढली, ती आज्ञावली मागेल त्याला मिळाली पाहिजे. जेथें बिंदु नाहींत, तेथें हॅलेप्रमाणें जागा कोरी ठेवण्यांत कमीपणा नाहीं.