बागेतली देवी, चौकातला घोडा

मुंबईच्या रस्त्यांवरच्या जुन्या पुतळ्यांचा माग काढायला लागा, पावलं भायखळ्याच्या राणीबागेकडे वळतातच. फोर्टातली फ्लोरा मुळात या बागेसाठी घडवलेली. फोर्टातला काळा घोडा अखेर याच बागेत येऊन उभा राहिलेला. बागेनं रस्त्याला देवी दिली आणि शंभर वर्षांनी रस्त्यानं बागेला राजा दिला. मुंबईच्या चौकांची कुळकथा या अदलाबदलीत आहे, असं माझं ठाम मत आहे.

फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा आराखडा, जेम्स फोरसाइथ यांचं कोरीवकाम आणि विलायतेतून आणलेला पोर्टलंड दगड. खर्च ४७,००० रुपये. त्यांतले २०,००० कर्सेटजी फर्दूनजी पारेख यांचे. हे कारंजं व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीबागेत, बसवण्याचा बेत उद्यानप्रेमींच्या संस्थेचा होता. १८६४ मध्ये ते उभं राहिलं फोर्टात.

का? एक उत्तर नेहमी ऐकायला मिळतं: कारंजं गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या गौरवासाठी होतं, नावही त्यांचंच द्यायचं होतं, मग ते त्यांच्या नव्या शहरात शोभेलशा जागी नेलं. नावाचा विचार झाला असेलही. पण गव्हर्नरचंच स्मारक करायचं तर माथ्यावर गव्हर्नर नको का? तिथे फुलांची देवी आहे, खाली शिंपले आणि मासे आहेत. मूर्ती बागेचीच आहे; फ्रियरसाहेबांचं नाव वरून चिकटवायचं होतं, एवढंच.

माझं उत्तर वेगळं आहे. आज फ्लोरा उभी आहे त्या जागी किल्ल्याचा चर्च गेट होता. (चर्चगेट स्टेशन बऱ्याच अंतरावर पश्चिमेला आहे, तरी नाव या दरवाजाचंच.) १८६० च्या दशकात फ्रियर यांनी तटबंदी पाडायला घेतली आणि दरवाजाही गेला. पण शहराची सवय कुठे जाते? आतले-बाहेरचे रस्ते अजूनही त्याच बिंदूवर येऊन मिळत होते आणि मधोमध उघडी जागा पडली होती. तिथे काहीतरी हवंच होतं. बागेसाठी आणलेलं कारंजं हाताशी होतं, ते बसवलं. याला कागदोपत्री पुरावा दाखवा म्हणाल तर माझ्याकडे नकाशा आहे, तेवढा मला पुरतो.

आणि वाहतूक? ती मागाहून आली. घोड्यांची ट्राम सुरू झाली १८७४ मध्ये. चौकाला एकाच दिशेनं वळसा घालायचा नियम तर न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला १९०५ मध्ये आणि पॅरिसच्या एत्वालला १९०७ मध्ये लागला. तिथेही खांब आणि कमान आधीपासून उभी होती. तेव्हा ‘सिग्नलच्या मध्ये हे कारंजं कशाला?’ असं विचारणाऱ्या टॅक्सीवाल्याला उलटं विचारावं, कारंज्याभोवती सिग्नल कशाला?

आता दुसरी बाजू. पुढे राजा झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी दिलेला, बोएम यांनी घडवलेला त्याचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये फोर्टात बसला. लोकांनी स्वाराकडे साफ दुर्लक्ष केलं आणि घोड्याचं नाव परिसराला दिलं. १९६५ मध्ये पुतळा हलवला तो थेट राणीबागेत. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही तिथेच गेला, १८९६ मध्ये चापेकरांनी डांबर फासलं होतं तोच. बाग म्हणजे मुंबईच्या पुतळ्यांचा पांजरपोळ झाली.

फ्लोरा मात्र हलली नाही, आणि याचंच मला जास्त नवल वाटतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला तो याच परिसरात. चौकाचं नाव बदललं, शेजारी मशालधारी शेतकरी-कामगारांचं स्मारक आलं, तरी देवी जागेवर राहिली. ती कुणा राजाची नव्हती, हे तिच्या पथ्यावर पडलं. पुढे तिच्यावर पांढरा तैलरंग चढवला गेला, तो अत्याचार वेगळा. २०१९ मध्ये ती मूळ दगडाच्या रंगात परतली; त्या कामाच्या वेळी खोदताना ट्रामचे जुने रूळही सापडले.

२०१७ मध्ये काळ्या घोड्याच्या परिसरात नवा घोडा आला, या वेळी स्वाराविना. जुना घोडा आणि त्याचा राजा पाहायचे असतील तर भायखळ्याला जा. फक्त बुधवारी जाऊ नका, राणीबाग बंद असते.