शालेय मानसिक आरोग्य अनुदान, अमेरिकेतील
शाळांत समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ते यांच्या नेमणुका आणि प्रशिक्षण यांसाठी संघराज्य सरकारच्या खजिन्यातून मिळणारे साहाय्य. टेक्ससमधील युव्हाल्डी येथील प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी झालेल्या गोळीबारात १९ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्यानंतर, २५ जून रोजी अध्यक्ष जो बायडेन यांच्या स्वाक्षरीने जो कायदा अमलात आला, त्याने या कार्यासाठी पाच वर्षांकरिता १०० कोटी डॉलरांची तरतूद केली. तिचा निम्मा हिस्सा सेवकवर्ग नेमणे व टिकविणे यांकडे, तर उरलेला नवे सेवक तयार करण्याकडे वळविला. मात्र मुदतबंद अनुदानावर ज्याचा पगार निघतो, ते पद अनुदानाबरोबरच खालसा होण्याचे भय असते. एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण खात्याने ही अनुदाने पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक राज्यांनी न्यायालयात दाद मागितली.