प्लेगची लस आणि एंजिनियराची दृष्टी

पुण्याहून साताऱ्यास जाताना खंबाटकी घाट चढण्यापूर्वी जे खंडाळे लागते, त्याच्या तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करिता करिता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्याच्या अवघे दोन महिने आधी, १० जानेवारीस, डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईस आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. म्हणजे प्रतिबंधक उपाय सापडला होता. तो घरोघर मात्र पोचावयाचा होता. शोध आणि उपयोग यांमधील हे अंतर एकट्या वैद्यकीने तुटत नाही. तेथे एंजिनियराची दृष्टी लागते, असे आम्हांस वाटते.

हाफकिन यांनी मांसरसाच्या चंबूत प्लेगचे जंतू वाढविले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले की त्यांच्या बुडाशी जंतूंची वाढ लोलकांप्रमाणे लोंबू लागे. चंबू अधूनमधून हालविला म्हणजे ते लोलक तळाशी जात व नवी वाढ सुरू होई. पुढे सर्व जंतू उष्णतेने मारून त्यात कार्बॉलिक आम्ल घालीत. आपल्या स्वयंपाकघरातील तुपाने जी किमया केली, ती वाचून कोणासही कौतुक वाटेल. परंतु खरा प्रश्न निराळाच होता. एका चंबूत जे साधले, तेच हजारो बाटल्यांत, दर वेळी तितक्याच निर्दोषपणे कसे साधावे? १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, आणि तेथे तिला कारखान्याचे रूप आले. प्रत्येक बाटलीवर क्रमांक पडू लागला.

या क्रमांकाचे महत्त्व पुढे एका भयंकर प्रसंगाने कळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि त्या साऱ्यांस ‘५३ एन’ या एकाच बाटलीतील लस मिळाली होती. मध्यंतरी लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बॉलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली होती. चौकशीमंडळाने नेमके त्यावर बोट ठेवून दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला, आणि हाफकिन यांस पदास मुकावे लागले.

दोष मात्र दुसरीकडेच असण्याचा संभव होता. बूच काढावयाचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करिताच वापरला गेला, असे साक्षीत निघाले होते. शिवाय बाटली उघडताना तीस दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू तिच्यात मुंबईपासूनच वाढत असते, तर ती आल्यावाचून राहती ना! सर रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हे मुद्दे जगापुढे मांडले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली त्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले.

यातून आमच्या मते दोन धडे निघतात. पहिला असा की, पूल बांधणारा ज्याप्रमाणे सर्वांत दुबळ्या सांध्याचा विचार करितो, त्याप्रमाणे औषध करणाऱ्यानेही केवळ आपल्या चंबूचा नव्हे, तर शेवटच्या हातातील चिमट्याचाही विचार केला पाहिजे. एका बाटलीत अनेकांच्या मात्रा असल्या म्हणजे एका चुकीने अनेकांचे प्राण जातात, हे रचनेतीलच वैगुण्य होय. दुसरा धडा अधिक कठीण आहे. अपघात झाला की अपराधी शोधण्याची आपणांस घाई होते. कारण शोधण्यास धीर लागतो. मलकोवालच्या त्या १९ जणांस न्याय मिळावयाचा, तर तो एका शास्त्रज्ञास पदच्युत केल्याने मिळणार नव्हता. पुढची बाटली निर्धोक करणे हाच त्यांचा खरा न्याय होता.